निंबाचं वय

अर्जातले बाकीचे रकाने मी दहा मिनिटांत भरले. नाव, पत्ता, सिटी सर्व्हे नंबर, झाडाची जात, तोडण्याचं कारण. 'झाडाचे अंदाजे वय' हा एकच रकाना राहिला. तो भरायला मला अडीच महिने लागले.

झाड कडुनिंबाचं. आमचं घर जुन्या नाशकात, गोदावरीच्या उजव्या काठावरच्या उंचवट्याला लागून आहे. घर म्हणजे वाड्याचा उरलेला तुकडा: दोन खोल्या, ओटा आणि मागे परस. परस संपतो तिथे जमीन एकदम उतरते. दहा-बारा फूट खाली पत्र्याच्या छपराचं दुसरं घर. निंब नेमका त्या कडेवर होता, निम्मा आमच्याकडे आणि निम्मा खालच्या घरावर झुकलेला. सावली त्यांना, पाला आम्हाला, अशी आजी वाटणी सांगायची. पाडव्याला मात्र सगळी आळी आमच्या परसात यायची.

२०२३च्या जुलैत इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला. त्याच आठवड्यात, रात्री अडीचच्या सुमाराला निंबाची एक फांदी खालच्या पत्र्यावर पडली. पत्रा आत वाकला आणि खालची बाज मोडली. त्या बाजेवर एरवी त्या घरातला नऊ वर्षांचा नातू झोपतो. त्या रात्री तो मामाकडे होता. सकाळी मावशी वर आल्या. त्या भांडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी फांदीचा हातभर तुकडा ओट्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "ताई, काल फांदी होती." पुढचं वाक्य त्यांनी बोलून दाखवलं नाही. टीव्हीवर इर्शाळवाडीच चालू होती.

दुसऱ्या दिवशी मी अर्ज आणला.

आमचा उतार कसला आहे हे आधी सांगायला हवं, कारण तो डोंगराचा नाही. नाशिक नऊ टेकड्यांवर वसलं म्हणून 'नवशिखा', त्यावरून नाशिक, अशी एक व्युत्पत्ती सांगतात. (दुसरी शूर्पणखेच्या नाकाची. नाशिककर पाहुण्यासमोर दोन्ही ठेवतात आणि हवी ती उचलू देतात.) आमच्या बाजूचं टेकाड मात्र खडकाचं कमी आणि माणसांचं जास्त आहे. लोक त्याला मातीची गढी म्हणतात, जुनी गढी म्हणतात, नदीकडच्या भागाला काझीची गढी म्हणतात. केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकांच्या यादीत ते 'जुनी मातीची गढी' या नावानं आहे. आपल्याकडे गावाची जमीन दोन रंगांत मोजायची रीत होती: पिकाची ती काळी, वस्तीची ती पांढरी. घरं पडतात, त्यांवर नवी उठतात, चुलीची राख, शेण, फुटकी मडकी, विटांचा चुरा साठत जातो आणि वस्तीखालची माती पिढ्यान् पिढ्या वर चढते. गढी म्हणजे अशी उभी चढलेली पांढरी.

१९५०-५१ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकळिया आणि शां. भा. देव यांनी इथे उत्खनन केलं. त्याच मोसमात संगमनेर तालुक्यात प्रवरेकाठच्या जोर्वे इथेही काम झालं आणि दोन्हींचा अहवाल १९५५मध्ये एकाच पुस्तकात निघाला. पुढे 'जोर्वे संस्कृती' हे नाव महाराष्ट्राच्या इतिहासात पक्कं झालं. नाशिकचं नाव त्या जोडीत मागे पडलं, याची मला उगीचच थोडी असूया वाटते. गढीच्या खड्ड्यात खालपासून वरपर्यंत ताम्रपाषाणयुग, मग सातवाहनांच्या आसपासचा काळ, आणि खूप वर मुसलमानी-मराठी अंमल, असे थर लागले. मधल्या शतकांत वस्ती विरळ झाली असावी. म्हणजे आमच्या परसात कुदळ मारली, तर पहिल्या दोन फुटांत पेशवाई, आणि पुरेसं खाली गेलं तर लोखंड ठाऊक नसलेली माणसं.

पांढरीचा एक गुण आणि एक दोष. गुण असा की ती सुपीक असते. शेतकरी गावोगावच्या पांढऱ्या खणून खत म्हणून शेतात नेत आले, आणि कितीतरी प्राचीन वस्त्या अशा शेतांत विरघळून गेल्या. दोष असा की ती भुसभुशीत असते, पाणी लागलं की धरत नाही. खालून नदी पायथा खाते, वरून सांडपाणी मुरतं. दर पावसाळ्यात काझीच्या गढीवरच्या लोकांना घरं सोडा म्हणून सांगितलं जातं. काही जातात, काही जात नाहीत, आणि गढीचा एखादा लचका खाली येतो. संरक्षक भिंतीची मागणी माझ्या लहानपणापासून ऐकते आहे.

अशा मातीत निंब झकास वाढतो, आणि ती माती धरूनही ठेवतो. दोन्ही गोष्टी एकाच मुळांनी होतात.

आमच्या घरात एक मोडी खरेदीपत्र आहे. मी मोडी शिकले ती मुळात ते वाचण्यासाठी. त्यात घर 'झाडझाडोऱ्यासह' घेतल्याचं लिहिलंय. जुन्या इनामपत्रांत याच अर्थाची भारदस्त संस्कृत साखळी येते: जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह जमीन दिली. पाणी, झाड, गवत, लाकूड, दगड, पुरलेलं धन आणि ठेव. जमिनीच्या वर आणि खाली जे काही असेल ते सगळं एका दमात एका माणसाच्या हवाली. ही साखळी वाचताना मला पूर्वी तिचा नाद आवडायचा. अर्जाचा कागद हातात आल्यावर लक्षात आलं की आता तिची एकेक कडी वेगळ्या दारी बांधलेली आहे. निधी-निक्षेप गेले १८७८ला, इंग्रजांच्या दफीन्याच्या कायद्यानं: जमिनीत दहा रुपयांहून अधिक मोलाचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवायचं. पाषाण आणि माती पुरातत्त्व खात्याकडे. १९५८चा कायदा आणि त्यात २०१०ला झालेली दुरुस्ती मिळून संरक्षित हद्दीपासून १०० मीटरांत नवं बांधकाम करता येत नाही, दुरुस्तीलाही ना-हरकत लागते, आणि हद्दीच्या आत खोदकामाचा विचारही करायचा नाही. तरू गेला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे. तुटल्यावर उरतं ते काष्ठ तेवढं आमचं.

उतार मात्र त्या साखळीत कुठेच नव्हता. तेव्हाही नव्हता, आताही नाही.

झाड कुणाचं, हा प्रश्न या गावात नवा नाही. शहराच्या दक्षिणेला त्रिरश्मी डोंगरात पांडवलेणी आहेत. तिथल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला. त्यानं दिलेल्या गाई, गावं, घाट, धर्मशाळा यांच्या यादीत नाणंगोल गावची बत्तीस हजार नारळाची झाडं आहेत, आणि ती ज्या चरक परिषदांना दिली त्यांत एक आपल्या शेजारच्या गोवर्धनची आहे. बत्तीस हजार! झाड हे मोजायची, द्यायची, नावावर करायची वस्तू असल्याचा नाशकातला इतका जुना पुरावा दगडात कोरलेला आहे, आणि तो लोक फारसा पाहत नाहीत, कारण तिथवर चढून जाईतो दम लागलेला असतो.

मराठ्यांच्या राज्यातला आज्ञापत्राचा दाखला सगळ्यांना माहीत असतो. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या या ग्रंथात आरमाराच्या प्रकरणात झाडांचा विषय येतो. वृक्षदिनाच्या भाषणांत त्यातला अर्धा भाग सांगितला जातो: आंबा-फणसाला हात लावू नये, रयतेनं ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. दुसरा अर्धा सहसा कुणी सांगत नाही. झाड फारच जीर्ण होऊन निरुपयोगी झालं असेल, तर मालकाला राजी करावं, मोल द्यावं आणि त्याच्या खुशीनं तोडावं, जबरदस्ती नको. म्हणजे जीर्ण झाड तोडायची तरतूद तिथेच आहे. मला तो भाग महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात झाडाची अवस्था कशी आहे आणि माणूस राजी आहे का, हे दोन्ही प्रश्न एकत्र विचारलेत. तिथे झाडाची गरज सरकारला होती आणि परवानगी मालकानं द्यायची होती. आमच्या वेळी दोन्ही बाजू उलटल्या होत्या.

हे उलटं कधी झालं? इंग्रजांचे जंगलकायदे कडक, पण त्यांची नजर सागवानावर आणि डोंगरांवर. वाड्याच्या परसातला निंब त्यांच्या हिशेबात नव्हता. स्वातंत्र्यानंतर १९६४चा वृक्षतोड कायदा आला. त्यात सागापासून मोहापर्यंत ठरावीक जातींची अनुसूची आहे. आंबा, फणस, चिंच, जांभूळ त्यात आहेत, निंब नाही. शहरातल्या झाडांसाठीचा कायदा आला १९७५ला. नागरी हद्दीतलं झाड, मग ते तुमच्या अंगणात, तुमच्या आजीनं लावलेलं, तुमच्या पाण्यावर वाढलेलं का असेना, परवानगीशिवाय तोडायचं नाही. झाड मेलेलं, रोगट, वादळात पडलेलं किंवा जिवाला-मालमत्तेला धोकादायक असेल, तर परवानगी मिळते. पण ते धोकादायक आहे हे ठरवणारे तुम्ही नव्हे. झाडावर नोटीस डकवली जाते, वर्तमानपत्रात जाहिरात येते, हरकती मागवल्या जातात.

२०२१ला या कायद्यात दुरुस्ती झाली आणि तिनंच माझा रकाना अवघड करून ठेवला. पन्नास वर्षं किंवा त्याहून अधिक वयाचं झाड हे आता 'हेरिटेज ट्री'. आणि झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी रोपं लावायची, तीही सहा-आठ फुटांची, आणि सात वर्षं सांभाळायची. चाळीस वर्षांच्या झाडाला चाळीस, सत्तरच्या झाडाला सत्तर. तेव्हा रकान्यात लिहायचा तो आकडा नुसता आकडा नव्हता. भावानं सुचवलं, "पंचेचाळीस टाक. कोण बघतंय?" खरं सांगायचं तर एक दिवसभर मी पंचेचाळीसवर होते.

मग शोध सुरू केला. वडील म्हणत, झाड कावळ्यानं लावलं. निंबोळ्या खाऊन पाखरं बिया टाकतात, भिंतीच्या फटीत उगवलं आणि कुणी उपटलं नाही. आजी म्हणायची, मी लावलं. लग्न होऊन आले, त्यानंतरच्या दुसऱ्या पाडव्याला. आजीचं लग्न १९५६चं. तेव्हा १९५८. पण आजी स्वतःबद्दलच्या गोष्टी जरा सजवून सांगायची. तिच्या हिशेबानं रामकुंडावर तिनं गांधीजींनाही पाहिलं होतं. एकटीच्या साक्षीवर सहीनिशी काही लिहिणं मला जमेना.

दुसरा पुरावा महापुराचा. १० सप्टेंबर १९६९. नाशकात पूर सांगायचा तर दुतोंड्या मारुती कुठवर बुडाला ते सांगतात, आणि १९६९ हा त्यातला शेवटचा आकडा. २००८, २०१६, २०१९चे पूर त्याच्याशी ताडून पाहिले जातात. त्या रात्री खालच्या आळीतली माणसं आमच्या परसात चढून आली होती. वडील तेव्हा तेरा वर्षांचे. ते सांगत की चढून येणाऱ्यांसाठी निंबाला दोर बांधला होता आणि झाड "माझ्या मांडीएवढं" होतं. तेरा वर्षांच्या, किरकोळ अंगाच्या मुलाची मांडी. पांढरीत वाढणाऱ्या निंबाला एवढा जाड व्हायला दहा-बारा वर्षं पुरतात.

तिसरा पुरावा एका फोटोचा. धाकट्या काकाची मुंज, परसात मांडव, पाठीमागे मांडवाच्या खांबाशेजारी खांबाएवढंच एक खोड. फोटोमागे स्टुडिओचा शिक्का आणि पेन्सिलीनं १९६६. मी तो भिंग लावून तीन संध्याकाळी पाहिला. खोडाच्या डाव्या अंगाला, जमिनीपासून हातभर उंचीवर, एक गाठ होती. आमच्या निंबालाही तिथेच, आता कितीतरी फुगलेली, गाठ होती.

रकान्यात मी लिहिलं: ६५. आजी यावेळी खरं बोलली होती. आणि आमचा निंब, तो ज्या कायद्यान्वये तुटणार होता त्याच्याहून सतरा वर्षांनी, आणि परवानगी देणाऱ्या महापालिकेहून चोवीस वर्षांनी मोठा निघाला.

पाहणीला जे साहेब आले त्यांनी आधी टेप काढली. छातीच्या उंचीवर घेर दोन मीटर चाळीस. मग लाकडी हातोडी काढून खोडावर खालपासून ठोकत गेले. वरच्या भागात टणक आवाज, बुंध्याशी घुमटासारखा. जमिनीलगत तपकिरी, लाकडासारखी कडक, अर्ध्या बशीच्या आकाराची अळंबी होती. मी ती दोन पावसाळे पाहत होते आणि मला ती सुंदर वाटायची. "ही गॅनोडर्मा," ते म्हणाले, "ही बाहेर दिसते तेव्हा आतलं काम झालेलं असतं." मग ते झाडाच्या मागे, घराच्या बाजूला वाकले. उताराकडे झुकलेल्या झाडाला चढाच्या बाजूची मुळं ओढून धरतात, दोर धरावा तशी. तिथे जमिनीत बोटभर भेग होती. त्यांनी विचारलं, "इथं कधी खोदलं होतं?"

खोदलं होतं. नव्वदच्या दशकात संडासाचं पाणी मागे उताराकडे न्यायला काकानं नाली काढली, ती याच बाजूनं. कुदळीला आडवी आलेली मुळं कुऱ्हाडीनं तोडली. वरून बुंध्याभोवती छानसा सिमेंटचा पार केला, आजीला बसायला. आम्ही सगळे त्या पारावर पुढची पंचवीस वर्षं बसलो. तुटलेल्या मुळांतून बुरशी आत गेली, सिमेंटखाली बुंधा ओलाच राहिला. या सगळ्याला काका जबाबदार आणि काका आता नाही. पण पार करताना वाळू चाळायला मी होते, चौदा वर्षांची. पुरातत्त्वाच्या हद्दीलगत नाली खोदायची नसते हे आम्हाला ठाऊक नव्हतं, असंही म्हणता येणार नाही. ठाऊक होतं. घराघरात तेच चाललं होतं.

पाहणी करणाऱ्याचं काम मला तेव्हा कळलं तितकं सोपं नाही. २०१७च्या जुलैत चेंबूरला एक बाई सकाळी चालायला निघाल्या आणि नारळाचं झाड त्यांच्या अंगावर कोसळलं. सीसीटीव्हीतलं ते दृश्य त्या आठवड्यात सगळ्यांच्या फोनवर फिरलं. ते झाड तोडायची परवानगी आधी मागितली होती आणि ती मिळाली नव्हती, असं वर्तमानपत्रांत आलं. त्या बातमीनंतर कुठलाही पाहणी करणारा 'तोडा' म्हणायला उतावीळ होईल, असं वाटतं. पण उलट बाजूला 'धोकादायक' हा शिक्का बिल्डरला किती सोयीचा असतो हेही त्यांना ठाऊक असतं. हातोडीचा आवाज ऐकून दोन्हींच्या मधून वाट काढायची.

नोटीस झाडावर लागली आणि एक हरकत आली. वरच्या आळीतल्या, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकणाऱ्या मुलीची. मला राग आला, लपवत नाही. मावशींचा नातू आता आतल्या खोलीत चौघांत दाटीवाटीनं झोपत होता आणि हिला पाखरांची पडली होती. मी तिला घरी बोलावलं, थोडं सुनवायच्याच हेतूनं. ती आली, भेग पाहिली, अळंबी पाहिली आणि म्हणाली, "काकू, झाड जाऊ दे. मी हरकत मागे घेते. पण बुंधा उपटणार का तुम्ही?"

मी म्हटलं, अर्थात. खड्डा बुजवून तिथे तुळस लावायची.

"मग खालचं घर जाईल. झाडानं नाही, मातीनं."

तिनं जे सांगितलं ते मी नंतर वाचूनही काढलं. जंगलतोड झालेल्या डोंगरउतारांवर जपानमध्ये, अमेरिकेत अभ्यास झालेत. झाडं तोडल्याबरोबर उतार ढासळत नाही. मेलेली मुळंही काही काळ माती शिवून ठेवतात. ती कुजत जातात आणि नवी मुळं अजून धरलेली नसतात, तो मधला काळ वाईट. साधारण तिसऱ्या वर्षापासून पंधराव्यापर्यंत. म्हणजे फाइल बंद होते, माणसं विसरतात, आणि मग उताराची पाळी येते.

परवानगी मिळाली. जानेवारीत तोडायचं ठरलं, कारण तेव्हा माती कोरडी असते आणि ढोलीत तांबटाची पिल्लंही नसतात. ही दुसरी अट त्या मुलीची, कागदावर नसलेली. बुंधा गुडघाभर ठेवायचा, मुळाला हात लावायचा नाही.

तोडणारे चौघे आले. आमच्या बोळात क्रेन येत नाही. एक जण दोर घेऊन शेंड्याला चढला आणि फांद्या वरून खाली, एकेक दोरानं बांधून, खालच्या पत्र्याला न शिवता परसात उतरवल्या. दोन दिवस लागले. सुरू करण्याआधी त्यांतल्या म्हाताऱ्यानं नारळ, हळद-कुंकू मागितलं, बुंध्याशी वाहिलं आणि काहीतरी पुटपुटला. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत झाड तोडण्याआधीचा विधी आहे: या झाडात जे कुणी राहत असेल त्यानं पूजा घ्यावी आणि दुसरीकडे वस्ती करावी, अशी विनवणी. म्हाताऱ्याला वराहमिहीर ठाऊक असायचं कारण नाही. मी विचारलं, काय म्हणालात? तो म्हणाला, "काय नाय. म्हटलं, जागा खाली करा." घर सोडायची नोटीस गढीवर सगळ्यांनाच सारखी.

मावशी दोन्ही दिवस खाली अंगणात उभ्या होत्या. शेवटचा ओंडका उतरला तेव्हा त्यांच्या पत्र्यावर पहिल्यांदा दुपारचं ऊन पडलं. त्या म्हणाल्या, "आता उन्हाळ्यात मरतोय आम्ही." आणि मग, मी काही बोलायच्या आत, "मरू दे. निजू तरी."

खोड कापल्यावर मी वलयं मोजायला बसले. ६५ हा आकडा मला सिद्ध करून हवा होता. कुणी मागितला नव्हता. आपल्या हवामानात निंबाची वलयं स्पष्ट वर्षागणिक पडत नाहीत, हे त्या मुलीनं आधीच सांगितलं होतं. पण मोजायला मुळात काही उरलंच नव्हतं. कडेची चार-पाच बोटं लाकूड शाबूत, आत पोकळी. माझा हात कोपरापर्यंत आत गेला आणि ओला, काळपट भुसा हाताला आला. आजीचा पाडवा, मुंजीचा मांडव, १९६९चा दोर, सगळी सुरुवातीची वर्षं बुरशीनं खाऊन टाकली होती. कागदावर ६५ आहे तो एका फोटोच्या आणि एका सजवून बोलणाऱ्या बाईच्या भरवशावर.

पासष्ट रोपं परसात लावणं अशक्य. खड्डा तीन फुटांचा हवा आणि आमच्याकडे तीन फुटांवर सातवाहन नसले तरी त्यांच्या वाटेवरचं कुणीतरी लागतं. मेव्हण्याच्या दिंडोरी रस्त्यावरच्या जमिनीच्या बांधाला ती लावली. करंज, निंब, जांभूळ, बहावा. त्यांतली बावन्न जगली आहेत. सात वर्षांचा हिशेब २०३१ला संपेल. कायद्यानं झाडाच्या बदली झाडं मागितली आणि ती दिली. उताराच्या बदली काय, हे विचारणारा रकाना कुठल्या अर्जात मला दिसला नाही.

गेल्या वर्षी नोव्हेंबरात, २०२५ला, साधुग्रामासाठी तपोवनातली सुमारे १,८०० झाडं तोडायच्या प्रस्तावावरून नाशकात आंदोलन झालं. तिथे मला ती मुलगी दिसली, हातात फलक घेऊन. तिनं हात केला, मीही केला. मग ती गर्दीतून येऊन विचारून गेली, "काकू, फुटवे काढले नाहीत ना?"

तो वाद अजून चालू आहे. तोडीनंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात गुडघाभर बुंध्याच्या शाबूत कडेतून सात-आठ फुटवे आले. निंब असा फुटतो. घरच्यांचं म्हणणं, खुडून टाकावेत, नाहीतर वीस वर्षांनी पुन्हा हेच. तिचं म्हणणं, फुटवे आहेत तोवर त्या बाजूची मुळं जिवंत आहेत आणि ती माती धरून आहेत. फक्त उंची वाढू द्यायची नाही, दरवर्षी कमरेएवढं छाटायचं. मी तिचं ऐकलं. उतारावर आम्ही वाळाही लावला आहे, कारण त्याची मुळं सरळ खाली जातात आणि लावायला बोटभर भोक पुरतं. पाडव्याचा पाला दोन वर्षं त्याच फुटव्यांचा निघाला. आळीला पुरला नाही, दोन घरांना पुरला.

भेगेच्या दोन्ही बाजूंना मी एकेक खिळा ठोकून ठेवला आहे. तोडलं त्या दिवशी दोन खिळ्यांत अकरा सेंटिमीटर अंतर होतं. २०२४च्या दिवाळीत अकरा. २०२५च्या दिवाळीत अकरा आणि दोन मिलिमीटर. टेप मावशींचा नातू धरतो आणि आकडा तोच वहीत लिहितो. हा तिसऱ्या वर्षाचा पावसाळा.